निधान, सर, निधान!

मोटारीच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वरखाली धक्क्यांवर गरगर फिरणारा दांडा, गेली सव्वीस वर्षे माझा संसार चालवत आला आहे. बेळगावच्या उद्यमबागेत माझा छोटासा कारखाना असून कच्च्या फोर्जिंगवर, म्हणजे ठोकून घडवलेल्या लोखंडावर, लेथचे आणि ग्राइंडिंगचे काम करून आम्ही क्रँकशाफ्ट तयार करतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. आमच्याकडे जर्नलच्या, म्हणजे हा दांडा बेअरिंगमध्ये ज्या गोल भागावर फिरतो त्याच्या, व्यासात वीस मायक्रॉन इकडेतिकडे झाले तरी माल परत येतो आणि त्यासोबत फोनवर जे काही येते ते येथे लिहिण्याजोगे नसते. एवढ्या काटेकोरपणे घासूनपुसून दिलेला हा दांडा मिनिटाला सहा हजार फेरे घेतो तेव्हा गाडीत बसलेल्या माणसाला कसे वाटते, हे मात्र मला ठाऊक नव्हते, कारण माझी स्वतःची गाडी चौदा वर्षांची असून काटा तीन हजारांच्या पुढे सरकला की तिच्या डॅशबोर्डातून टाळ वाजू लागतात. तेव्हा पन्नाशी उलटल्यावर एकदा तरी जोरकस इंजिनाची गाडी आपल्या पायाने पळवून पाहावी, आणि मनाला पटली तर घेऊनही टाकावी, असे मी ठरवले. पळवून पाहण्याचे काम फार तर अर्ध्या तासाचे असेल असा माझा समज होता. त्याला सात आठवडे लागले.

मी हेरलेली गाडी दिसायला सभ्य होती, पण तिच्या दीड लिटरच्या इंजिनात दीडशेहून अधिक अश्वशक्ती भरलेली होती. ही किमया टर्बोची. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू धुराड्यातून फुकट जाऊ न देता त्यावर एक चक्र फिरवायचे, त्या चक्राच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची आणि तेवढे जास्त पेट्रोल जाळायचे. हे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे उत्साहाने समजावून सांगितले. पंचाहत्तर किलोचे वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद म्हणजे एक अश्वशक्ती, असेही सांगितले. आप्पांचा सारा जन्म येळ्ळूरच्या शिवारात गेला. त्यांनी शांतपणे विचारले, "मग बैलाचं काय धरलंय?"

आप्पांकडे एके काळी शर्यतीची बैलजोडी होती. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली तेव्हा ती त्यांनी विकली, आणि 2023 च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने शर्यतींना मुभा देणारे राज्यांचे कायदे ग्राह्य धरले तेव्हा त्यांची स्वतःची पळण्याची उमेद संपली होती. जोडी घ्यायला ते बाजारात गेले होते, त्या वेळची हकिकत ते आजही सांगतात. विकणाऱ्याने कासरा सरळ त्यांच्या हातात दिला आणि म्हटले, जुंपा आणि पळवून बघा. पत्ता विचारला नाही की धंदा विचारला नाही. मी शोरूमच्या वाटेला लागलो तेव्हा या हकिकतीचे मोल मला कळले नव्हते.

बेळगावातल्या शोरूममध्ये ती गाडी उभी होती, पण फक्त पाहण्यापुरती. चालवून पाहण्याची गाडी हुबळीला असते आणि मागणी आली की येते, असे कळले. मी तीन आठवडे मागणी करत राहिलो. मग कोल्हापूरला फोन लावला. तिकडे गाडी हजर होती आणि बोलणाऱ्या मुलीचा स्वरही गोड होता, पण तिने माझा पिन कोड विचारला. मी 590006 सांगताच पलीकडे कळफलकाची टकटक झाली आणि खेदाचा स्वर आला, "सॉरी सर, तुम्ही आमच्या एरियात येत नाही." राज्यांची पुनर्रचना 1956 साली झाली, आमच्या सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मोटार कंपनीच्या संगणकाने मात्र पिन कोडच्या पहिल्या दोन आकड्यांवरून अर्ध्या मिनिटात निकाल देऊन टाकला! अपिलाची सोय नव्हती. सौ. म्हणाल्या, "इतक्या लांब जाऊन चालवून बघायची ती गाडी आहे की स्थळ?"

शेवटी हुबळीची गाडी गुरुवारी येणार असे ठरले आणि त्याआधी कागदपत्रांसाठी मला शोरूममध्ये बोलावणे आले. मी कारखान्यातून तसाच गेलो. काचेचे दार ढकलताच "बन्नि सर, कूतकोळ्ळि" असे अगत्याचे स्वागत झाले, पण स्वागत करणाऱ्या तरुणाची नजर माझ्या चेहऱ्यावरून हातांवर, हातांवरच्या कूलंटच्या डागांवर आणि तेथून चपलांवर उतरत गेली, आणि तिच्या प्रत्येक पायरीवर एकेक लाख रुपये कमी झालेले मला दिसले. हा तरुण मूळचा बैलहोंगलचा. घरी कन्नड, आमच्याशी मराठी आणि साहेबाशी इंग्रजी असे त्याचे चालले होते आणि तिन्ही भाषांत तो सारखाच नम्र होता. त्याने आधी दोन स्वस्त गाड्या दाखवल्या. मी इंजिनाबद्दल विचारले. त्याने सनरूफ उघडून दाखवले. मी टर्बो किती फेऱ्यांवर जोर धरतो हे विचारले. त्याने सीटमधून गार वारा कसा येतो ते दाखवले. मी गिअरबॉक्समधल्या दोन क्लचबद्दल विचारले, तेव्हा तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "सर, एक क्लच खराब झाला तर दुसरा असतो." प्रत्यक्षात एक क्लच विषम क्रमांकाचे गिअर सांभाळतो आणि दुसरा सम क्रमांकाचे, त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार राहतो आणि बदल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होतो. पण त्याच्या उत्तरात संसारी माणसाला भावणारा एक दिलासा होता, म्हणून मी ते खोडून काढले नाही. किमतीवर कर्नाटकाचा आजीवन कर 17 टक्के आणि वर उपकर, हे त्याने जाता जाता इतक्या हळू सांगितले की ते मला घरी गेल्यावर ऐकू आले.

गुरुवार उजाडला. गाडी शुक्रवारी आली.

आम्ही तिघे गेलो. मी चालवणार होतो, सौ. मागच्या सीटची रुंदी पाहणार होत्या, आणि आप्पा पांढरी टोपी घालून "बघूया की" एवढेच म्हणून आले होते. गाडीच्या सीटवर प्लॅस्टिक होते, पायाखाली कागद होता, आणि सुरू करताच पेट्रोलचा दिवा पेटला. लायसन्सची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, काही झाल्यास जबाबदारी माझी अशा मजकुरावर सही, असे सोपस्कार झाल्यावर तो तरुण माझ्या शेजारी बसला आणि त्याने मार्ग सांगितला. शोरूमपासून सर्व्हिस रोडने पुढच्या पुलापर्यंत जायचे, पुलाखालून वळायचे आणि पलीकडच्या सर्व्हिस रोडने परत यायचे. एकूण अंतर साडेतीन किलोमीटर. बाजूला पुणे-बेंगळुरू महामार्ग मोकळा पसरला होता, पण त्यावर जायला परवानगी नव्हती. तहानलेल्याला विहिरीच्या कठड्यावरून चालवत न्यावे तसे आम्ही निघालो.

मी पायाचा अंगठा नुसता टेकवला, तोच शेजारून आवाज आला, "निधान, सर, निधान!"

कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. रस्त्याच्या कडेच्या फलकांवर 'निधानवागि चलिसि' असे लिहिलेले असते आणि ते आम्ही लहानपणापासून वाचत आलो आहोत. मराठीत मात्र निधान म्हणजे ठेवा, पुरून ठेवलेले धन. त्या साडेतीन किलोमीटरांत हा शब्द मी किमान तीस वेळा ऐकला, आणि दहाव्या वेळेनंतर मला त्याचे दोन्ही अर्थ एकदम ऐकू येऊ लागले, कारण ठेवा माझ्या उजव्या पायाखाली होता आणि तो उकरायला मनाई होती.

पहिला गतिरोधक दोनशे मीटरवर आला. रस्तेबांधणीच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने तो सुखरूप ओलांडता येतो. हा गतिरोधक कोणा ग्रामस्थाने रागाच्या भरात घातलेला असावा. रुंदी हातभर आणि उंची न मोजलेलीच बरी. "थांबा सर," असे म्हणून तो तरुण खाली उतरला, रस्त्यावर ओणवा झाला आणि गाडीच्या पोटाखाली पाहत, लग्नाच्या वरातीपुढे नाचणाऱ्यासारखे हात हलवत त्याने मला तिरपे पुढे घेतले. असे तीन गतिरोधक झाले. तिसऱ्याच्या वेळी आप्पाही सोबतीला उतरले. चहाच्या टपरीवरची माणसे उठून पाहू लागली. एकाने काय बिघडले म्हणून चौकशी केली आणि धक्का मारायची तयारी दाखवली.

त्यापुढे उसाचा ट्रॅक्टर लागला. दिवस गळिताच्या हंगामाचे, त्यामुळे त्यात नवल नव्हते. मागे दोन ट्रॉल्या, दोन्हींतून ऊस बाजूंना फांद्यांसारखा पसरलेला, आणि चालकाच्या डोक्यावरच्या कर्ण्यातून गाणे इतके मोठे की आमचा हॉर्न त्याला तालवाद्य वाटला असावा. काटा 18 वर स्थिरावला. शून्यापासून शंभरापर्यंत नऊ सेकंदांच्या आत जाणारी ती गाडी तीन मिनिटे त्या उसाच्या मागे चालत होती. अधूनमधून ट्रॅक्टर थांबला की इंधन वाचावे म्हणून इंजिन आपोआप बंद पडत होते. तेवढ्यात त्या तरुणाने सनरूफ उघडले आणि आत उसाचे पाचट पडले. सौ.नी ते उचलून पिशवीत ठेवले. आप्पांनी बराच वेळ ट्रॉलीकडे पाहिले आणि म्हटले, "बैलं असती तर बांधावरनं घातली असती की गा."

ट्रॅक्टर डावीकडच्या रस्त्याने साखर कारखान्याकडे वळला आणि पुलापर्यंतचा सुमारे तीनशे मीटरचा तुकडा अकस्मात मोकळा झाला. शेजारचा तरुण त्या वेळी फोनवर साहेबाशी बोलत होता. मी पाय दाबला. क्षणभर काहीच झाले नाही. टर्बोला दम धरायला तेवढा वेळ लागतोच. मग पुढून बारीक शीळ ऐकू आली आणि कोणीतरी पाठीला दोन्ही तळवे लावून ढकलावे तशी गाडी सुटली. काटा चार हजारांवर गेला, पाच हजारांवर गेला, कोठेही थरथर नाही, टाळ नाहीत, आणि कोणत्या तरी अनोळखी कारखान्यात कोणी तरी त्या दांड्याचे जर्नल किती मनापासून घासले आहे हे मला तळपायातून कळले. आप्पांची टोपी मागच्या काचेला जाऊन लागली. "निधान!" हा शब्द या वेळी किंकाळीच्या पट्टीत आला आणि त्या तरुणाचा हात हवेत हँडब्रेक शोधू लागला. ब्रेक लावला तेव्हा ताशी 62 किलोमीटर झाले होते. एकूण अवधी साडेतीन सेकंद. सात आठवड्यांनी भागल्यास आठवड्याला अर्धा सेकंद पडतो.

परत आल्यावर पेढा मिळाला आणि कंपनीकडून फोन आला तर दहापैकी दहा गुण द्यावेत अशी विनंती झाली. मी त्या तरुणाला विचारले, "तुम्ही स्वतः ही कधी शंभरपर्यंत नेली आहे का?" तो लाजला. "सर, आम्हाला परवानगी नाही. हुबळीचा ड्रायव्हर आणतो आणि घेऊन जातो." एवढे बोलून तो सौ.ना आमच्या जुन्या गाडीचे किती येतील हे सांगू लागला आणि मी मागच्या बाजूला ड्रायव्हर शोधायला गेलो.

पायात रबरी चपला घातलेला, पन्नाशीचा, शांत चेहऱ्याचा गृहस्थ पाण्याच्या टाकीजवळ बसून डब्यातली भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात होता. मी गाडीविषयी विचारताच त्याने घास खाली ठेवला. सात आठवड्यांत इंजिनाविषयी माझ्याशी बोललेला तो पहिला मनुष्य होता. "गाडी चांगली आहे, सर," तो म्हणाला. "पण जोर बघायचा तर टोल नाका पाहिजे. बघा, फास्टॅग असला तरी फाटक उघडेपर्यंत थांबावंच लागतंय. म्हणजे गाडी शून्यावर आली. पुढे रस्ता रुंद, हायवेला शंभरची मुभा. शून्यापासून शंभरपर्यंत सोडायची आणि पाय काढायचा. कायदा मोडत नाही, कोणाला त्रास नाही." सर्व्हिस रोडवर या गाडीची परीक्षा घेणे म्हणजे पैलवानाला माजघरात कुस्ती करायला लावणे आहे, हेही त्याने आपण होऊन सांगितले. मी विचारले, परत कधी निघणार? तो म्हणाला, चार वाजता. मग त्याने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून सांगितले, "हलग्याजवळ थांबा."

सौ.ना आणि आप्पांना घरी सोडून, एका गिऱ्हाइकाकडे जायचे आहे असे सांगून मी साडेतीनलाच हलग्याजवळ महामार्गाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. समोर सुवर्ण विधानसौधाचा पांढरा घुमट दिसत होता आणि खिशात हुबळीच्या वाटेवरच्या कित्तूरहून परतण्यापुरते बसचे पैसे होते. चार वाजून बारा मिनिटांनी गाडी आली. बसताच मी ओळखले की पेट्रोलचा दिवा विझलेला आहे. त्याने परतीचे पेट्रोल भरून घेतले होते. बस्तवाड मागे पडले. तो ऐंशीवर स्थिर चालवत होता आणि एक शब्द बोलत नव्हता. हिरेबागेवाडीचा टोल नाका आला तेव्हा आमच्या पुढे एकच टेम्पो होता. तो गेला, फाटक खाली आले, गाडी शून्यावर आली. पलीकडे रस्ता उन्हात लांबपर्यंत रिकामा होता. ड्रायव्हरने चपला काढून सीटखाली सरकवल्या, माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "गट्टि हिडकोळ्ळि, सर."

मी दाराच्या वरची मूठ घट्ट धरली. फाटक वर जाऊ लागले.