केबलच्या त्या एका वाक्याबद्दल

लॅपटॉपला लावलेल्या यूएसबी हबचा (एका पोर्टची अनेक तोंडं करणारी डबी) संपर्क मधूनच का तुटतो, यावर मी लेख लिहिला होता. वीज कमी पडते, स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या, असं त्यात होतं. त्याला 'अनामिक' यांची प्रतिक्रिया आली आहे. चार-पाच मुद्दे आहेत. त्यातलं हे वाक्य जसंच्या तसं देतो: "ज्याला आधी केबल बदलून बघायचं सुचत नाही, त्याने लोकांना दोन हजाराचा हब घ्यायला लावू नये."

आधी चूक कबूल करतो. निळ्या पोर्टमधून ५०० मिलिअँपियर वीज मिळते असं मी लिहिलं होतं. ते जुन्या यूएसबी २.० चं झालं, निळ्या म्हणजे ३.० च्या पोर्टला ९०० मिळतात. लिहिताना जुना आकडा डोक्यात होता. दुरुस्ती केली आहे, धन्यवाद.

आता केबल. अहो, माझ्या हबची केबल हबलाच जोडलेली आहे, वीतभर, जेमतेम १५ सेंटीमीटर. ती बदलायची म्हणजे हब फोडून डाग द्यावा लागेल. लेखातल्या पहिल्याच फोटोत हे दिसतं. फोटो बघायचे नसतील तर निदान मजकूर तरी वाचायचा होता.

आणि मला केबल कळत नाही म्हणता? नाशकात मेन रोडला एका दुकानात मी ११ वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर काढली आहेत. यूएसबी नवीन होतं, गिऱ्हाईक प्रिंटरची पिन उलटी खुपसून पोर्टची जीभ मोडून आणायचं, तेव्हापासून. एका सीएच्या ऑफिसात मार्चअखेरीला अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ते चालायला यूएसबीत लावावी लागणारी किल्ली) दर दहा मिनिटांनी गायब व्हायचा. तिथे मी रात्री दीडपर्यंत टेबलाखाली बसलो होतो. दोष केबलचाच निघाला. खुर्चीचं चाक रोज तिच्यावरून जात होतं. तेव्हा केबल खराब होते हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

पण केबल कधी तपासायची, हे लक्षणावरून ठरतं. पिन जरा हलवली की टुडुंग आवाज होऊन सगळं जातं आणि परत येतं? तर केबल किंवा सैल पोर्ट. दहा-पंधरा मिनिटं हात न लावल्यावरच जातं? तर विंडोज वीज वाचवायला पोर्ट झोपवतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढून बघा. माझं यातलं काहीच नव्हतं. माउस आणि कीबोर्ड दिवसभर ठणठणीत चालायचे. बाहेरची हार्डडिस्क लावली आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली की डिस्क टक् टक् करायची आणि हबवरचं सगळंच एकदम जायचं. ही वीज कमी पडल्याची खूण आहे. अडॅप्टर नसलेल्या हबला चार तोंडं असोत की सात, लॅपटॉपच्या एका पोर्टमधून येणारे ९०० मिलिअँपियरच सगळ्यांना वाटून घ्यायचे असतात. अडीच इंची डिस्कची तबकडी फिरायला लागताना ती एकटीच तेवढे ओढू शकते. पंक्तीत एकच पाहुणा अख्खं पातेलं संपवणारा असेल तर वाढपी बदलून काय होणार?

हिशोबच हवा असेल तर घ्या. स्वस्त केबलमध्ये २८ गेजची, म्हणजे बारीक तार असते. मीटरभर केबलमध्ये जाताना-येताना मिळून साधारण ०.४ ओहमचा अडथळा. ०.९ अँपियरला ०.४ व्होल्टच्या आसपास गळती, म्हणजे ५ चे ४.६. हे वाईटच. पण माझ्या १५ सेंटीमीटरला गळती होते ०.०६ व्होल्ट. त्याने डिस्क पडत नाही.

(तुम्ही हे काढणारच, म्हणून मीच सांगतो. पहिले दोन दिवस मध्ये मीटरभराची एक एक्स्टेन्शन केबल होती. ती होती तेव्हा डिस्क लावता क्षणी हब जायचा. काढल्यावर पाच-सात मिनिटं तग धरायचा. लेखात हे लिहायचं राहिलं. पण केबल काढूनही हब जातच होता, आणि अडॅप्टरवाला हब आणल्यापासून एकदाही गेलेला नाही. तो साडेतेराशेला मिळाला, दोन हजाराला नव्हे.)

बाकीचं थोडक्यात. टिक काढल्याने बॅटरी लवकर उतरते? थोडी उतरते, टेबलावर चार्जर लावलेला असतो. बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायला सुचवलंत. करून झालं होतं, फरक शून्य. "वायरलेस माउस अडखळतो याचा हबशी काय संबंध" हे मात्र तुम्ही फारच ठसक्यात विचारलं आहे. संबंध आहे. ३.० ची वाहतूक चालू असली की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि माउसचा चिमुकला रिसीव्हर तिथेच ऐकत असतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर कागद काढला होता. रिसीव्हर डिस्कपासून हातभर लांब नेला की माउस सुधारतो. त्यासाठी ती एक्स्टेन्शन केबल आता उपयोगी पडली आहे, हेही सांगून टाकतो.

मतभेदाला माझी हरकत नाही. "सुचत नाही" या शब्दाला आहे. दुकानात येऊन कुणी असं बोललं असतं तर मी त्याला त्याचं सामान परत देऊन नमस्कार केला असता. इथे ती सोय नाही, म्हणून एवढं लिहावं लागलं.

९०० च्या दुरुस्तीखाली 'एका वाचकाने लक्षात आणून दिल्याप्रमाणे' असं टाकलं आहे. नावही टाकणार होतो, पण ते तुम्ही दिलेलंच नाही.