मोरीच्या खालच्या अंगाचा खड्डा

पुण्यात धनकवडीच्या उतारावर आमचा कट्टा आहे आणि त्याच्या समोरच ओढ्यावरची दोन नळांची मोरी आहे. गेल्या रविवारी चर्चा तिच्यावर घसरली, कारण पाणी उतरल्यावर बापूंनी नळाच्या तोंडाशी बांबू खुपसून पाहिला होता आणि तो काँक्रीटखाली आडवा हातभर आत गेला होता. वरून ते काँक्रीट धडधाकट दिसते. पाय आपटला की मात्र रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो.

बापू छोटी बांधकामे घेतात, त्यामुळे त्यांचा उपाय तयार होता. ओढ्याचा तळ पुढे आणखी ५० फूट काँक्रीटचा करावा, म्हणजे वाहून जायला मुरूमच उरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या अण्णांना ते मुळीच पटले नाही.

"रुंद ओढ्यातले पाणी दोन नळांत कोंडले जाते, म्हणून त्याचा वेग वाढतो," ते म्हणाले. "तो वेग कुठेतरी जिरायला हवा. गुळगुळीत काँक्रीटवर तो जिरणार नाही, काँक्रीट संपेल तिथे जिरेल. तुमचा खड्डा फक्त ५० फूट पुढे जाईल."

"पुढे गेला तर रस्ता तरी वाचेल," बापू म्हणाले.

"काही वर्षे वाचेल. खड्ड्याची कड ढासळत ढासळत मागे सरकते, हे आज तुमच्या बांबूनेच दाखवले."

अण्णांच्या मते खरी उणीव काँक्रीटच्या टोकाशी आहे. तिथे जमिनीत उभी उतरवलेली भिंत हवी, जिला ते कर्टन वॉल म्हणतात. उथळ पायाच्या छोट्या पुलांना, रस्ते-पुलांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेप्रमाणे ही भिंत पाणी येते त्या वरच्या अंगाला २ मीटर आणि खालच्या अंगाला अडीच मीटर खोल घेतात. खालची अधिक खोल, कारण झीज तिथेच जास्त होते. आपल्याकडे काळा खडक आधीच लागला, तर भिंत त्यात नीट रुतवली तरी चालते. भिंतीच्या पुढे सुटे दगड पसरायचे.

सुटे दगड म्हटल्यावर बापूंना चेव आला, कारण दोन ट्रक खडी टाकली की काम झाले, असे त्यांना वाटले. त्यावर अण्णांनी सांगितले की वेग दुप्पट झाला, तर पाणी ढकलू शकेल अशा दगडाचे वजन सुमारे ६४ पट होते. हा आकडा ऐकून आम्ही हसलो. पण सुधाताईंनी उभा जन्म गणित शिकवण्यात घालवला आहे, त्या हसल्या नाहीत. दगडाचा व्यास वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असेल, तर तो चौपट होतो आणि चारचा घन ६४, असा हिशेब त्यांनी चहा संपायच्या आत मांडला. खडी पहिल्याच पुरात मुठेला मिळेल, हे बापूंनी मुकाट्याने मान्य केले.

मोठ्या दगडांच्या फटींतूनही खालचा मुरूम ओढला जातो आणि दगड एकेक करून खचतात, म्हणून त्यांच्याखाली वाळू-खडीचा थर किंवा पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे जिओटेक्स्टाइलचे कापड लागते. तारेच्या जाळीत भरलेल्या दगडांबद्दल मात्र बापूंचा आक्षेप बरोबर होता. अशी जाळी जमिनीबरोबर थोडी खचते आणि तरी फुटत नाही हा तिचा गुण खरा, पण तार गंजते, आणि भंगाराला भाव असेल तिथे ती कापूनही नेतात. अण्णांकडे याला उत्तर नव्हते.

सुधाताईंचा आक्षेप मुळावरच होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने काठच्या वस्त्यांत जो हाहाकार केला, तो पाहिल्यावर नळ ठेवून खालची डागडुजी करण्यात काय अर्थ आहे, असे त्यांनी विचारले. ओढ्याच्या पूर्ण रुंदीची चौकोनी मोरी बांधावी आणि तिचा तळ ओढ्याच्या तळाखाली घ्यावा, म्हणजे आत दगडगोटे राहतील आणि पाणी कोंडणार नाही. अण्णा म्हणाले की हे सर्वांत उत्तम आहे, पण त्यासाठी रस्ता सहा महिने बंद ठेवावा लागेल.

एवढे झाल्यावर मी बापूंना विचारले की बांबू नेमका कोणत्या नळापाशी आत गेला.

"डाव्या. उजव्यासमोर तळ शाबूत आहे."

आम्ही उठून कठड्यावरून वाकून पाहिले. उजव्या नळाच्या वरच्या तोंडात एक भिजलेली गादी आणि निर्माल्याच्या पिशव्या घट्ट बसल्या होत्या; सगळा ओढा एकट्या डाव्या नळातून जात होता. अण्णांनी कर्टन वॉलचा आग्रह सोडला नाही, पण गादी ओढून काढायला दोर कोणाकडे आहे, हे त्यांनीच आधी विचारले.