खुलासा: 2,000 केल्विनचा अडथळा म्हणजे खोलीच्या तापमानाचं चुंबक नव्हे

‘संगणकाने एका रेणूचा चुंबकीय अडथळा 2,000 केल्विनच्या वर काढला, म्हणजे तो खोलीच्या तापमानालाही माहिती जपेल’ असा मजकूर फिरतो आहे. अडथळा म्हणजे रेणूच्या चुंबकत्वाची दिशा, म्हणजे त्याचा स्पिन, उलटायला लागणारी ऊर्जा. हे चूक आहे. 2018 साली जाहीर झालेल्या डिस्प्रोसियम या धातूच्या संयुगात अडथळा सुमारे 2,200 केल्विन भरला, पण चुंबकीय स्मृती 80 केल्विनपर्यंतच टिकली. अडथळा ही ऊर्जा आहे, तापमान नव्हे; ती फक्त केल्विनच्या एककात सांगतात. तेवढ्या अडथळ्यालाही 300 केल्विनवर, म्हणजे खोलीच्या तापमानाला, स्पिन काही नॅनोसेकंदांत उलटतो. शिवाय सीएएसएससीएफसारखी, रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब मांडणारी संगणकीय पद्धत ऊर्जापातळ्या देते त्या स्थिर धरलेल्या रेणूच्या. प्रत्यक्षात रेणू थरथरतो आणि थंडीत ही कंपनंच स्पिनला आडवाट काढून देतात. ती हिशेबात धरणं, माझ्या मते, या क्षेत्रातलं सर्वांत अवघड आणि मोलाचं काम आहे. आणि 80 केल्विनही कमी नाही: द्रव नायट्रोजन 77 केल्विनला उकळतो.