ॲल्युमिनियमच्या होडीला आउटबोर्ड: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात गोव्यातील मालीम, शापोरा, कुटबण येथील होड्या काठावर आल्या की दुरुस्तीची चर्चा सुरू होते, आणि या चर्चेत मोबाइलवर फिरणारा एक संदेश वारंवार पुढे केला जातो. ॲल्युमिनियमच्या लहान होडीतले इनबोर्ड (होडीच्या आत बसवलेले) डिझेल इंजिन काढून मागच्या पाटीवर, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या फळीवर, आउटबोर्ड (बाहेरून टांगायचे इंजिन) चढवा. होडी शंभर किलोंनी हलकी होते, वेग दुप्पट होतो, खर्च निम्म्यावर येतो आणि काम दोन दिवसांत उरकते, असे त्याचे म्हणणे आहे. हा बदल करूच नये, असे माझे मत नाही. पण या चारही विधानांवर विसंबून कोणी होडी कापायला काढू नये.

वजन घटते, हे खरे आहे. 25 अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड साधारण 50 किलोंचे असते आणि तेवढ्या ताकदीचे डिझेल, गिअरबॉक्स व शाफ्टसह, त्याच्या दुपटीहून जड भरते. परंतु ते जुने वजन होडीच्या मध्याजवळ, तळाशी होते. नवे वजन थेट पाटीवर टांगले जाते, हँडल धरणारा माणूसही तिथेच बसतो आणि टाकीही सोयीसाठी तिथेच ठेवली जाते. म्हणून एकूण वजन कमी होऊनही होडीची मागची बाजू खाली बसते आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उचलली जाते. टाकी आणि बॅटरी पुढे सरकवल्याखेरीज हा तोल सावरत नाही.

वेगाचे विधान बहुतेक होड्यांना लागूच पडत नाही. पाणी कापत जाणाऱ्या, मागे निमुळता तळ असलेल्या होडीचा वेग तिच्या पाण्यातील लांबीने बांधलेला असतो. 18 फूट लांबीला तो सुमारे 5.7 नॉट येतो आणि त्यापुढे अश्वशक्ती वाढवली तर होडी पुढे पळण्याऐवजी मागून अधिकच रुतते. तळ रुंद आणि सपाट असेल तरच ती पाण्यावर उचलली जाऊन वेग घेते.

खर्चाबाबत थोडक्यात सांगायचे तर, तेवढ्याच कामाला पेट्रोल इंजिन, विशेषतः जुन्या पद्धतीचे टू-स्ट्रोक, डिझेलपेक्षा जास्त इंधन पिते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेटते. त्यामुळे डिझेलची जुनी बंदिस्त टाकी पेट्रोलसाठी मुळीच वापरू नये.

दोन दिवसांचा दावा मात्र मला सर्वांत घातक वाटतो. इनबोर्डमध्ये पंख्याचा रेटा शाफ्टमधून इंजिनाच्या पायावर आणि तिथून होडीच्या कण्यावर जातो, तर आउटबोर्डमध्ये तो सगळा मागच्या पाटीवर येतो, आणि ही पाटी त्यासाठी बांधलेलीच नसते. आपल्याकडच्या फायबरच्या होड्यांवर आउटबोर्ड उत्तम चालतात, असे सांगितले जाते. पण त्यांची पाटी पहिल्यापासून त्याच हिशेबाने जाड केलेली असते. इनबोर्डसाठी बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या होडीत मात्र पाटीपासून तळाच्या लांब पट्ट्यांपर्यंत आधार वेल्ड करावे लागतात, आणि जागा मोकळी करण्यासाठी इंजिनाचा जुना पाया कापून टाकला तर ज्याच्यावर हा रेटा उतरवायचा, तोच आधार जातो. वेल्डिंगलाही मर्यादा आहे. होड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या 5083 या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या एच116 प्रतीच्या पत्र्याची किमान यील्ड ताकद (ज्या ताणापुढे पत्रा कायमचा वाकतो) 215 मेगापास्कल असते, ती वेल्डलगतच्या तापलेल्या पट्ट्यात 125 पर्यंत उतरू शकते, म्हणून सांधा सर्वाधिक ताणाच्या जागी घेऊ नये. पाटीत प्लायवूड भरायचे असल्यास ते तांब्याच्या औषधाने मुरवलेले नसावे आणि तळाला तांबेयुक्त रंग लावू नये, कारण खाऱ्या पाण्यात तांबे ॲल्युमिनियमला खाऊन टाकते. स्टेनलेस बोल्टही थेट पत्र्याला भिडू न देता इन्सुलेशन घालूनच बसवावेत.

शेवटी पाटीची उंची. आउटबोर्डचे पाय (इंजिनापासून खाली पाण्यात उतरणारा भाग) ढोबळमानाने 15, 20 आणि 25 इंचांच्या पाटीसाठी येतात. हाती आलेल्या इंजिनासाठी पाटी खाली कापली, तर मांडवीच्या मुखाशी वाळूच्या पट्टीवर मागून उठणारी लाट त्या खाचेतून सरळ होडीत शिरते. म्हणून शक्य तिथे लांब पायाचे इंजिन घेऊन पाटी उंचच राखावी, आणि खाच घ्यावीच लागली तर तिच्या पुढे आडवी भिंत घालून, आत आलेले पाणी परत बाहेर सोडणारा कप्पा वेल्ड करावा व होडी पाण्यात सोडण्याआधी तो काठोकाठ भरून त्याचे सांधे तपासावेत.