खुलासा : पोर्तुगालचा फुटबॉलपटू ब्रुनो फर्नांडिस स्पोर्टिंगच्या अकादमीत घडलेला नाही

‘रोनाल्डो, नानीप्रमाणे ब्रुनोही स्पोर्टिंग लिस्बनच्या अकादमीतला, मँचेस्टर युनायटेड हा त्याचा परदेशातला पहिलाच क्लब,’ असा मजकूर सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. रोनाल्डो आणि नानी तिथलेच, त्यामुळे गल्लत झाली असावी.

ब्रुनो पोर्तुगालमधल्या पोर्तोजवळच्या माया शहराचा, घडला बोआविस्ता क्लबात. 2012 मध्ये, अठराही पूर्ण नसताना, तो इटलीत नोव्हाराकडे गेला. तोही दुसऱ्या श्रेणीतला क्लब! पुढे इटलीतच उदिनेसे, सांपदोरिया. पोर्तुगालमधल्या वरिष्ठ क्लब फुटबॉलमध्ये तो उतरला थेट 2017 मध्ये, स्पोर्टिंगकडून. जानेवारी 2020 मध्ये युनायटेड. इटलीतली ती पाच वर्षं वगळली, तर या पोराच्या मेहनतीवर अन्यायच होतो.