पडवीवरचा कॅनव्हास आणि दर मे महिन्यात फिरणारा मेसेज

‘समुद्रकाठी कॅनव्हास कुजतोच, निळी ताडपत्री लावा. कॅनव्हास असलाच तर ब्लीच आणि साबण पावडरने घासा, सपाट ताणून बांधा, पाऊस लागला की घडी घालून माळ्यावर टाका.’ रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाच्या तोंडावर हा मेसेज हमखास येतो. हे ऐकून लोक चांगल्या कापडाचं वाटोळं करतात, म्हणून हे उत्तर.

आधी कुजण्याचं. सुती कॅनव्हास भिजला की धागा फुगून वीण घट्ट होते. नवं कापड पहिल्या सरीत शिवणीतून ठिबकतं ते सुईच्या भोकांतून; एकदोनदा भिजलं की बरीचशी भोकं मिटतात. लोक तेवढ्यावरून माल परत करायला निघतात! खरा घात खारा वारा करतो. कापडात बसलेलं मीठ, हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की पाणी ओढू लागतं. आषाढात बरणीतलं मीठ पाझरतं, तसंच. मग पाऊस थांबला तरी कापड दमटच, आणि त्यावर धूळ, पाला, पाखरांची घाण असली की बुरशीचं फावतं. म्हणून कोरड्या महिन्यांत दर आठवड्याला गोड्या पाण्याने कापड धुऊन काढा. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, ते पाणी नको.

ब्लीचने सूत कमजोर होतं. साबण पावडरचा अंश राहिला की पाणी घरंगळायचं सोडून आत झिरपतं. मऊ ब्रश आणि पाणी पुरे. चिवट डागाला सौम्य साबण, पण फेस पुरता जाईपर्यंत पाणी ओता. वाळल्यावर थोडं शिंपडून बघा. थेंब उभे न राहता ओल पसरली, तर वॉटरप्रूफिंगचा हात द्यायची वेळ झाली.

सपाट बांधणं तर धोक्याचंच. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 3 बाय 2 मीटरच्या छतावर 50 मिलिमीटर पडला तर 300 लिटर, म्हणजे 300 किलो! कापडाला पोट पडतं, पाइप वाकतो. मीटरमागे निदान 25 सेंटिमीटर उतार ठेवा. रिंगा पितळी किंवा स्टेनलेसच्या घ्या, लोखंडी गंजून कापड खातात.

निळी ताडपत्री लाकडं झाकायला ठीक. उन्हाने ती ठिसूळ होते आणि तिच्या चिंध्या वाडीत, वहाळात, शेवटी समुद्रात जातात. सुती नकोच असेल तर धाग्यातच रंग मुरवलेलं ॲक्रिलिक कापड घ्या. त्याचा धागा बुरशी खात नाही, वरची घाण मात्र धुवावीच लागते.

एवढं खरं, की पश्चिमेच्या अंगाला सुती कापड चार महिने टांगून ठेवू नये. पण ते पाऊस लागायच्या आधीच उतरवायचं. ‘निसर्ग’ चक्रीवादळ 3 जून 2020 ला आलं, ‘तौक्ते’ तर 2021 च्या मे महिन्यातच. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कडक ऊन दोन्ही बाजूंना द्या आणि घडी न घालता पाइपवर गुंडाळा, कारण घडीच्या रेषेवर लेप तडकतो. वरून जुनी चादर, प्लास्टिक नको. भिजलेलंच उतरवावं लागलं तर पहिल्या उघडिपीला पसरा.