जून महिना सुखरूप कसा पार पाडावा

जून, म्हणजे समलिंगी आणि पारलिंगी लोकांचा 'प्राइड' महिना, लागला की कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॅफेच्या काचेवर त्यांच्या झेंड्याचा सहा रंगांचा पट्टा झळकतो, आणि पुरोगामी दिसण्याची ही वर्षातली सर्वांत स्वस्त संधी असल्याचे सुज्ञ नाशिककराच्या ध्यानात येते. ती आपण दवडू नये. प्रोफाइलच्या फोटोभोवती इंद्रधनुष्य लावावे. पट्टे सहाच का, असे कोणी विचारले तर मात्र विषय बदलावा. कारण मग सांगावे लागेल की गिल्बर्ट बेकर यांनी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सहकाऱ्यांसह घडवलेला पहिला झेंडा आठ पट्ट्यांचा होता, आणि त्यातला गुलाबी पट्टा गळाला तो त्या रंगाचे कापड मिळेना म्हणून.

इतिहासाचे प्रकरण याहून नाजूक आहे. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल इन या समलिंगींच्या बारवर पोलिसांनी धाड घातली आणि जमलेल्या लोकांनी निमूटपणे पांगण्याऐवजी पुढचे काही दिवस पोलिसांना तोंड दिले, ही हकीकत 'प्रेमाचा विजय' एवढ्या दोन शब्दांत आटोपावी. या चळवळीतल्या कार्यकर्त्या मार्शा पी. जॉन्सन आणि सिल्व्हिया रिव्हेरा यांची नावे घेणे अटळच झाले, तर मार्शाच्या डोक्यावरच्या फुलांचे कौतुक करावे. बेघर पारलिंगी मुलांच्या निवाऱ्याचे भाडे भरण्यासाठी या दोघींनी देहविक्रय केला, हे चारचौघांत काढू नये. १९७३ च्या मेळाव्यात रिव्हेरा तुरुंगातल्या साथीदारांबद्दल बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा आपल्याच माणसांनी त्यांची हुर्यो उडवली होती. सभ्य लोकांची ही परंपरा तेवढी अवश्य जपावी.

भारताविषयी बोलताना 'दिला' हे क्रियापद फार उपयोगी पडते: ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांचा अधिकार दिला. मग ११ ऑगस्ट १९९२ रोजी दिल्लीच्या पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने कोणी केली, १९९४ मध्ये या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्ध पहिली याचिका कोणी नेली, २ जुलै १९९९ रोजी कोलकात्याच्या रस्त्यावर अवघी पंधरा माणसे कोणत्या धैर्याने चालली, याची चौकशी उरत नाही.

आपल्याला हे जड जाऊ नये, सवय जुनी आहे. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला आणि दार तरीही उघडले नाही; पाहुण्यांना पंचवटी दाखवताना आपण तो भाग एका वाक्यात उरकून मिसळ खायला नेतोच की.

राहता राहिला व्यवहार. गंगापूर रोडवरचा आपला रिकामा फ्लॅट पाहायला दोन तरुण आले आणि आम्ही जोडीदार आहोत असे म्हणाले, तर 'आम्ही फॅमिलीलाच देतो' असे मृदू आवाजात सांगावे. समलिंगी विवाहाचा निर्णय न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी संसदेवर सोडला आहे. मग फॅमिली कोणाला म्हणावे हे ठरवण्याचा आगाऊपणा आपण कशाला करावा? भाडे बुडाले तरी चालेल.

द्वारका चौकात सिग्नलला थांबल्यावर टाळी ऐकू आली की गाडीची काच वर घ्यावी. त्या काचेवर आतून लावलेला इंद्रधनुष्याचा स्टिकर बाहेरून नीट दिसतो ना, एवढे घरून निघतानाच पाहून ठेवावे.